बहिष्काराचा न्याय कोणता?

युरोपातील राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धेचा पहिला सामना २८ सप्टेंबर १९५८ रोजी मॉस्कोत झाला. सोव्हिएत युनियन यजमान होते आणि पाहुणा संघ होता हंगेरीचा. सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर सोव्हिएत संघाने तो ३-१ असा जिंकला. निकालापेक्षा या सामन्याची तारीख अधिक बोलकी आहे. दोनच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टचा उठाव चिरडला होता. त्या उठावाच्या काळातले पंतप्रधान इम्रे नॉज यांना जून १९५८ मध्ये, म्हणजे सामन्याच्या तीन महिने आधी, फाशी देण्यात आली होती. १९५४ च्या विश्वचषक स्पर्धेत अंतिम फेरी गाठणाऱ्या हंगेरीच्या असामान्य संघातले पुश्काश, कोचिश आणि झिबोर हे तीन मोहरे उठावाच्या वेळी परदेशात होते; ते मायदेशी परतलेच नाहीत. त्यांच्यावाचून हंगेरीचा संघ मॉस्कोला गेला, खेळला आणि हरला. पुढल्या वर्षी बुडापेस्टला परतीचा सामना झाला, तोही सोव्हिएत संघाने एका गोलने जिंकला.

हंगेरीतील अत्याचारांच्या निषेधार्थ नेदरलँड्स, स्पेन आणि स्वित्झर्लंड यांनी १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता. तेव्हा खेळाचा आणि राजकारणाचा संबंध कोणाला सुचलाच नव्हता, असे नाही. तथापि युरोपच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे 'युएफा'ने, त्याकडे पाहिले नाही. त्यानंतर सहा दशकांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसल्या आणि चारच दिवसांत, २८ फेब्रुवारीला, याच संघटनेने जागतिक संघटनेच्या जोडीने रशियाचे सर्व संघ स्पर्धांबाहेर काढले. एका टोकाला संपूर्ण मौन आणि दुसऱ्या टोकाला चार दिवसांत हद्दपारी. मधल्या काळात युरोपची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली, असे म्हणणे सोपे आहे. या स्पर्धेचा इतिहास पाहता मात्र तसे निःशंकपणे म्हणता येत नाही. संघटनेने वेळोवेळी जे केले ते कोणत्या नियमाने केले, याचा शोध घेऊ लागले की हाती फारसे काही लागत नाही.

अशी स्पर्धा असावी ही कल्पना फ्रेंच फुटबॉल संघटनेचे चिटणीस आंरी दलोने यांनी १९२७ मध्ये मांडली होती. ती मूर्त व्हायला तीस वर्षे लागली. जून १९५४ मध्ये बाझल येथे 'युएफा'ची स्थापना झाली, दलोने तिचे पहिले सरचिटणीस झाले आणि पुढच्याच वर्षी निधन पावले. स्पर्धा सुरू झालेली त्यांना पाहता आली नाही. विजेत्याला मिळणाऱ्या चषकाला त्यांचे नाव आहे एवढेच. पहिल्या स्पर्धेत १७ देशांनी भाग घेतला. इंग्लंड, पश्चिम जर्मनी आणि इटली हे तीन मोठे देश दूर राहिले. इंग्रजांना युरोपच्या कोणत्याही नव्या उपक्रमाबद्दल पहिली काही वर्षे जी तुच्छता वाटते, ती येथेही दिसली. परंतु पूर्व युरोपातले बहुतेक सारे देश आले. तो काळ आठवला पाहिजे. 'नाटो' आणि वॉर्सा करार यांनी युरोपचे दोन तुकडे केले होते. कोळसा-पोलादाचा समूह आणि त्यातून निघालेली सामायिक बाजारपेठ ही केवळ पश्चिमेची होती. लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत आणि ऑस्लोपासून अंकारापर्यंत सर्वांना एका नियमावलीखाली आणणाऱ्या संस्था त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या आणि फुटबॉलची संघटना ही त्यांपैकी एक होती. ही गोष्ट लहान नव्हे. १९६० साली फ्रान्समध्ये अंतिम टप्प्यासाठी आलेल्या चार संघांपैकी तीन साम्यवादी देशांचे होते, आणि १० जुलै रोजी पॅरिसमध्ये सोव्हिएत युनियनने युगोस्लाव्हियाला जादा वेळेत हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. या एकत्र येण्याची किंमत म्हणजे परस्परांच्या घरात काय चालले आहे याकडे पाहायचे नाही, असा अलिखित करार होता. हंगेरीने ती किंमत पहिल्याच दिवशी मोजली.

करार मोडला तो उजव्या बाजूच्या हुकूमशहाने. १९६० च्या उपांत्यपूर्व फेरीत स्पेनची गाठ सोव्हिएत युनियनशी पडली. दि स्तेफानो, खेंतो, लुईस स्वारेस असे त्या काळचे सर्वश्रेष्ठ खेळाडू स्पेनच्या संघात होते आणि तोच संघ अजिंक्यपद मिळवील, असे मानणारे पुष्कळ होते. परंतु यादवी युद्धात प्रजासत्ताकवाद्यांना शस्त्रे पुरवणाऱ्या आणि पुढे ज्यांच्याशी लढण्यासाठी आपण 'निळी तुकडी' धाडली होती, त्या सोव्हिएत संघाचा ध्वज व राष्ट्रगीत माद्रिदमध्ये नको, असे जनरल फ्रँको यांनी ठरवले. संघाला जाण्यास मनाई झाली. गंमत अशी की, आधीच्या फेरीत याच स्पेनने साम्यवादी पोलंडशी दोन सामने खेळून विजय मिळवला होता. तेव्हा आक्षेप साम्यवादाला होता असेही म्हणता येत नाही. 'युएफा'ने सोव्हिएत संघाला पुढे चाल दिली आणि स्पेन बाहेर गेला. यातून पहिला नियम तयार झाला: जो खेळण्यास नकार देतो तो हरतो, नकाराचे कारण विचारले जात नाही. १९६२ मध्ये ग्रीसने अल्बानियाशी खेळण्याचे नाकारले. हे दोन देश १९४० पासून कागदोपत्री युद्धात होते आणि ग्रीसने ती युद्धस्थिती १९८७ पर्यंत उठवली नव्हती. तेथेही अल्बानियाला पुढे चाल मिळाली.

फ्रँको यांनी चार वर्षांत धोरण बदलले, हा भाग निराळा. १९६४ ची अंतिम फेरी स्पेनमध्येच झाली. २१ जून रोजी माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर स्वतः फ्रँको हजर असताना स्पेनने सोव्हिएत संघाला २-१ असे हरवले. ८४ व्या मिनिटाला मार्सेलिनो याने डोक्याने मारलेल्या त्या गोलचा राजवटीने जो उपयोग करून घ्यायचा तो घेतला. जो ध्वज १९६० मध्ये माद्रिदला सहन होत नव्हता, तो हरवण्यासाठी उपयोगी आहे असे दिसताच सहन होऊ लागला.

नकार देणारा हरतो, या नियमाला एक गुण होता. तो सर्वांना सारखा लागू होई. १९६० मध्ये ज्याचा फायदा सोव्हिएत युनियनला झाला, त्याच नियमाने १९७३ मध्ये त्याला विश्वचषक स्पर्धेबाहेर घालवले. चिलीत पिनोशे यांनी सत्ता बळकावल्यानंतर सांतियागोच्या ज्या राष्ट्रीय क्रीडागारात हजारो लोकांना डांबून छळले गेले, तेथेच पात्रता सामना खेळण्यास सोव्हिएत संघाने नकार दिला. जागतिक संघटनेने तटस्थ मैदान देण्याचे नाकारले. ठरलेल्या दिवशी चिलीचे खेळाडू मैदानात उतरले आणि प्रतिस्पर्धी नसलेल्या मैदानात चेंडू रिकाम्या जाळ्यात ढकलून त्यांनी उपचार पार पाडला. बुडापेस्ट आणि प्राग येथे रणगाडे पाठवणाऱ्यांनी मानवतेच्या नावाने खेळण्यास नकार द्यावा, यात ढोंग होते. परंतु त्या क्रीडागारात खेळू नये, हे म्हणणे त्यामुळे चुकीचे ठरत नाही. या नियमाचा दोष येथेच आहे. निषेध करणाऱ्यालाच शिक्षा होते, आणि ज्याच्याविरुद्ध निषेध तो काही न करता पुढच्या फेरीत जातो.

दोषाची जाणीव संघटनेला नव्हती असे नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात फौजा शिरल्यावर पश्चिमेच्या काही क्लबांनी पूर्वेकडील क्लबांशी युरोपीय चषकात खेळण्यास हरकत घेतली. संघटनेने कोणालाच काढले नाही. तिने सोडत नव्याने काढून पूर्व आणि पश्चिम यांना एकमेकांपासून वेगळे ठेवले. त्यावर सोव्हिएत युनियन, पोलंड, हंगेरी, बल्गेरिया आणि पूर्व जर्मनी यांच्या क्लबांनी रागाने अंग काढून घेतले. तेव्हापासून वाद आला की गाठच पडू द्यायची नाही, ही युक्ती संघटनेच्या हाताशी राहिली आहे. २००८ च्या स्पर्धेसाठी अर्मेनिया आणि अझरबैजान एकाच गटात आले, सामने कोठे खेळायचे यावर एकमत झाले नाही, ते रद्द झाले आणि दोघांनाही गुण मिळाले नाहीत. त्यानंतर या दोघांना बरीच वर्षे वेगवेगळ्या गटांत ठेवण्यात आले. स्पेन आणि जिब्राल्टर, सर्बिया आणि कोसोव्हो, २०१४ नंतर रशिया आणि युक्रेन अशा जोड्या त्या यादीत वाढत गेल्या. सर्बिया आणि अल्बानिया यांना मात्र वेगळे ठेवले नव्हते. १४ ऑक्टोबर २०१४ रोजी बेलग्रेडच्या मैदानावर एका छोट्या यंत्रविमानाला बांधलेला 'बृहद् अल्बानिया'चा नकाशा असलेला ध्वज उडत आला, खेळाडूंत मारामारी झाली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना सोडून द्यावा लागला. 'युएफा'ने तो सामना सर्बियाला दिला. पुढच्या वर्षी लोझानच्या क्रीडा लवादाने तो निर्णय फिरवून अल्बानियाला दिला. त्या गुणांच्या आधारे अल्बानिया प्रथमच स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात पोचला. एकाच घटनेचे दोन न्यायासनांनी दोन उलट अर्थ लावावेत, यावरून लिखित निकष किती अपुरे आहेत हे दिसते.

पहिला नियम खऱ्या अर्थाने बाजूला पडला तो १९९२ मध्ये. पात्रता फेरीत युगोस्लाव्हियाने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. डेन्मार्क केवळ एका गुणाने मागे होता. मॅसेडोनियात जन्मलेल्या दार्को पांचेव्ह याने या फेरीत दहा गोल केले होते. तोपर्यंत देश मोडू लागला होता. स्लोव्हेनियन आणि क्रोएट खेळाडू संघातून गेले होते. संघाचे प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम हे सारायेव्होचे. एप्रिलमध्ये त्यांच्या शहराला वेढा पडला, डोंगरांवरून तोफांचा मारा सुरू झाला आणि मे महिन्याच्या अखेरीस त्यांनी पदाचा राजीनामा दिला. आपल्या शहरासाठी आपण एवढेच करू शकतो, अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. संघ स्वीडनला जाऊन पोचला. ३० मे रोजी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने ७५७ क्रमांकाचा ठराव करून बेलग्रेडच्या राजवटीवर निर्बंध घातले. त्यात क्रीडास्पर्धांमधील सहभागाला बंदी करणारे कलम होते. ठराव १३ मतांनी संमत झाला. चीन आणि झिंबाब्वे तटस्थ राहिले. भारत तेव्हा समितीचा सभासद होता आणि त्याने ठरावाच्या बाजूने मत दिले. संघाला घरी परत पाठवण्यात आले आणि स्पर्धेला अवघे दहा दिवस उरले असताना डेन्मार्कला बोलावणे गेले.

पुढची हकिकत फुटबॉलच्या प्रत्येक चाहत्याला पाठ आहे. डेन्मार्कने उपांत्य फेरीत नेदरलँड्सला पेनल्टींवर हरवले. श्मायकेल याने व्हान बास्टेनचा फटका अडवला. २६ जून रोजी गोटेनबर्गला त्याने जर्मनीला २-० असे नमवले. २ जूनला मास्ट्रिख्टचा करार ५०.७ टक्के मतांनी फेटाळून युरोपच्या धुरीणांना हादरा देणाऱ्या या छोट्या देशाने महिना संपण्यापूर्वी त्यांच्यातल्या सर्वांत बलाढ्य देशाला मैदानात हादरा दिला. या सुंदर गोष्टीखाली तिची सुरुवात झाकली गेली. ती सुरुवात अशी की, ओसिम यांच्यासारख्या माणसाने स्वतःहून जे केले, त्यापेक्षा खेळाडूंना दिलेली शिक्षा फार निराळी नव्हती. त्या संघातील कोणीही सारायेव्होवर तोफ डागली नव्हती. तरीही १९९२ चा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. तो संघटनेने आपल्या लहरीने घेतला नव्हता. त्यामागे सर्व राष्ट्रांच्या मान्य व्यासपीठाचा आदेश होता, आणि त्याला शेवटही होता. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरक्षा समितीनेच क्रीडाविषयक बंदी सैल केली. दरम्यान १९९४ ची विश्वचषक स्पर्धा आणि १९९६ ची युरोपीय स्पर्धा हातची गेली. पुढे २००० साली बेल्जियममधील शार्लरुआ येथे उरलासुरला युगोस्लाव्हिया आणि स्वतंत्र स्लोव्हेनिया समोरासमोर आले, आणि तीन गोलांनी मागे पडलेल्या युगोस्लाव्हियाने ३-३ अशी बरोबरी साधली. ज्यांनी एकेकाळी एकच गणवेश घातला, त्यांनी दोन ध्वजांखाली असा सामना खेळावा आणि तो शांतपणे संपावा, ही या स्पर्धेची एक खरी कमाई होय.

राष्ट्रसंघाच्या आदेशाचा हा मार्ग निर्दोष वाटतो. परंतु तो लहानांसाठीच खुला आहे. सुरक्षा समितीत ज्यांना नकाराधिकार आहे त्यांच्याविरुद्ध असा ठराव कधीही होऊ शकत नाही. १९९९ मध्ये 'नाटो'ने समितीची अनुज्ञा न घेता युगोस्लाव्हियावर अडीच महिने बाँबवर्षाव केला. बेलग्रेडला मार्चअखेर ठरलेला क्रोएशियाविरुद्धचा पात्रता सामना पुढे ढकलावा लागला. हल्ला करणाऱ्या राष्ट्रांच्या संघांना कोणी हात लावला नाही आणि पुढच्या वर्षीची स्पर्धा भरली ती 'नाटो'च्याच दोन सभासद देशांत. २०२२ मध्ये रशियाविरुद्धचा ठराव रशियानेच रोखला. आमसभेने २ मार्चला १४१ मतांनी आक्रमणाचा निषेध केला (भारत त्या वेळी तटस्थ राहिला). परंतु फुटबॉलने रशियाला आधीच बाहेर काढले होते, आणि आमसभेच्या ठरावात खेळाचे नाव नव्हते. म्हणजे १९९२ चा दाखला येथे लागू होत नव्हता.

मग २०२२ चा निर्णय कशाच्या आधारावर झाला? क्रम पाहिला तर उत्तर मिळते. विश्वचषक पात्रतेच्या फेरीत रशियाची गाठ पोलंडशी होती. पोलंडने खेळणार नाही म्हणून सांगितले. स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक यांनीही तेच सांगितले. जागतिक संघटनेने आधी तोडगा सुचवला की, रशियाने आपले नाव, ध्वज व राष्ट्रगीत न वापरता तटस्थ मैदानावर खेळावे. तो या देशांनी धुडकावला आणि दुसऱ्या दिवशी बंदी आली. रशियाने लवादाकडे दाद मागितली. जुलै २०२२ मध्ये लवादाने ती फेटाळली, तेव्हा त्याने भर दिला तो स्पर्धा सुरक्षितपणे व सुरळीत पार पाडण्याच्या गरजेवर. रशियन खेळाडूंचा या युद्धाशी संबंध नाही, हेही त्याने मान्य केले. आक्रमण हा गुन्हा म्हणून ही शिक्षा आहे, असे कोणीही कायद्याच्या भाषेत म्हटलेले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तर 'युएफा'ने सतरा वर्षांखालील रशियन संघांना परत घेण्याचे ठरवले. मुलांना मोठ्यांच्या पापाची शिक्षा नको, असे कारण तिने दिले. हे कारण वजनदार होते. परंतु युक्रेनबरोबर इंग्लंड, पोलंड, स्वीडन आदी देशांनी आम्ही खेळणार नाही असे कळवताच दोन आठवड्यांत निर्णय गुंडाळण्यात आला. जुना नियम येथे पुरता उलटा झाला. १९६० मध्ये नकार देणारा एकटा होता म्हणून तो हरला. २०२२ मध्ये नकार देणारे अनेक आणि वजनदार होते म्हणून समोरचा हरला.

युक्रेनवरील आक्रमणाचे समर्थन होऊ शकत नाही, आणि पोलंडने जे केले ते त्याच्या भूगोलाने व इतिहासाने समजण्यासारखे आहे. २७ जून २०१२ रोजी ज्या दोनेत्स्क शहरात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा उपांत्य सामना झाला, तेथील भव्य क्रीडागाराला दोनच वर्षांनी तोफगोळे लागले आणि शाख्तार हा तेथला क्लब घर सोडून गेला, तो परतलेला नाही. २०२४ च्या स्पर्धेसाठी युक्रेनच्या संघाने आपले 'घरचे' सामने पोलंड, जर्मनी, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात खेळले. आइसलंडला व्रोत्स्वाफमध्ये हरवून तो जर्मनीतील अंतिम टप्प्याला पात्र ठरला. गटात चार गुण मिळवूनही तो बाहेर पडला, पण घराबाहेर राहून त्याने दोन वर्षे जे केले त्याची नोंद कोणत्याही गुणतक्त्यात होणारी नाही. अशा संघाला रशियाशी हस्तांदोलन करण्यास सांगणे क्रूरपणाचे होते. प्रश्न या एका निर्णयाचा नाही. पुढच्या वेळी नकार देणारे थोडे, दुबळे आणि दूरचे असतील तेव्हा काय होईल, हा आहे.

तसे उदाहरण आशियात घडून गेले आहे आणि त्यात भारताचाही संबंध आला. युरोपच्या चार वर्षे आधी, १९५६ मध्ये, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली होती. १९६४ ची स्पर्धा इस्रायलमध्ये होती आणि अनेक देशांनी अंग काढून घेतल्यामुळे भारताला पात्रता न खेळताच अंतिम टप्प्यात प्रवेश मिळाला. भारत तेथे दुसरा आला. आजवरची ती त्याची या स्पर्धेतील सर्वोत्तम कामगिरी आहे. दहा वर्षांनी आशियाई संघटनेने इस्रायलला मताधिक्याने बाहेर काढले. बरीच वर्षे भटकून तो देश १९९४ मध्ये 'युएफा'चा पूर्ण सभासद झाला आणि तेव्हापासून युरोपीय अजिंक्यपदाच्या पात्रता फेऱ्या खेळत आला आहे. २०२५ मध्ये गाझातील संहारावरून त्याच्यावर बंदी घालावी अशी मागणी युरोपात जोराने झाली. राष्ट्रसंघाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनीही ती केली. रशियाच्या बाबतीत जे चार दिवसांत झाले ते येथे झाले नाही. ही मागणी रास्त होती की नाही, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. परंतु रशियाला जे लागू पडते ते येथे का पडत नाही, अथवा पडते तर कोणत्या पुराव्याने, हे सांगणारा लेखी निकष संघटनेने पुढे केला नाही. तो नसल्यामुळे बंदी घातली असती तरी ती दडपणाखाली घातली असे एका बाजूने म्हटले असते. न घातल्यामुळे ती दडपणाखाली टाळली असे दुसरी बाजू म्हणते. दोघांनाही खोडून काढण्याचे साधन संघटनेजवळ नाही.

निकष तयार करणे अवघड आहे, अशक्य नाही. खेळाच्या स्वतःच्या क्षेत्रात झालेल्या आगळिकीपासून आरंभ करता येतो. दक्षिण आफ्रिकेची फुटबॉल संघटना वर्णभेदावर उभी होती, म्हणून तिला दूर ठेवण्यासाठी कोणत्याही परराष्ट्र खात्याचा सल्ला लागत नव्हता. दुसऱ्याच्या प्रदेशातील क्लब आपल्या साखळीत ओढणे ही दुसरी आगळीक. २०१४ मध्ये क्रिमिया गिळल्यावर रशियाने तेथील क्लब आपल्या स्पर्धांत घेतले, तेव्हा 'युएफा'ने डिसेंबरमध्ये त्याला मनाई केली. हा निर्णय स्वच्छ होता, कारण तो संघटनेच्याच नियमावर उभा होता. पण तिने तेवढ्यावर थांबून पुढची आठ वर्षे रशियन सरकारच्या नैसर्गिक वायूच्या कंपनीचे जाहिरातीचे पैसे घेतले आणि लांबलेल्या २०२० च्या स्पर्धेचे सामने २०२१ मध्ये सेंट पीटर्सबर्गलाही दिले. ज्यांनी २०१४ मध्ये नियम पुढे नेला नाही, त्यांना २०२२ मध्ये नियमाविना निर्णय घ्यावा लागला. याखेरीज एखाद्या देशाच्या आक्रमणामुळे शेजाऱ्याच्या संघाला आपल्या भूमीवर खेळणेच अशक्य होत असेल, तर ते स्पर्धेवरचेच आक्रमण मानता येईल. ते ठरवण्याचे काम कार्यकारी समितीकडे न देता स्वतंत्र लवादाकडे द्यावे. बंदीची मुदत आणि परतीच्या अटी पहिल्याच दिवशी लिहून द्याव्यात. मुलांच्या स्पर्धांबाबत काय करायचे हेही त्यातच ठरवावे. अशी तरतूद वादाच्या ऐन भरात होत नसते, ती आधी करावी लागते. २०२८ ची स्पर्धा ब्रिटन व आयर्लंडमध्ये आहे, आणि तिच्या आधी ती व्हायला हवी.

अन्यथा काय होते हे पाहण्यासाठी बेलारूसकडे पाहावे. रशियन फौजांनी युक्रेनवर चाल केली ती काही अंशी त्याच्याच भूमीवरून. त्याला बाहेर काढण्यात आले नाही. २०२४ च्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत तो रीतसर खेळला. मात्र त्याला घरी सामने भरवण्यास मनाई होती. म्हणून त्याने सर्बियात आणि हंगेरीत, रिकाम्या प्रेक्षागारांसमोर, आपले 'घरचे' सामने पार पाडले. तो सभासद होता आणि नव्हताही. ही शिक्षा असेल तर ती कोणत्या अपराधाबद्दल आणि कोणत्या मुदतीसाठी आहे, याचा खुलासा त्या सामन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.